हत्याराचे माप

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाच्या हातून पुष्कळ हत्या होतात आणि त्यांचा जाब त्याला सहसा कोणी विचारीत नाही. मीही आजवर निर्धास्त होतो. दिवसा नावडे आणि भोवतालच्या गावांतील मुलांना इतिहास-भूगोल शिकवावा आणि रात्री घरातली मंडळी झोपल्यावर कागदावर माणसे जगवावी व मारावी, असा माझा क्रम. परंतु गेल्या पावसाळ्यात एका वृद्ध गृहस्थांनी मला एका हत्येबद्दल उभे धरले. हत्या माणसाची नव्हती, एका सांबराची होती.

त्याचे असे झाले. माझ्या एका कादंबरीत जुन्या काळचा एक जहागीरदार आहे. पाहुण्यांना घेऊन तो रानात जातो, समोरच्या उतारावर सांबर दिसते, पाहुणे बंदुका सरसावतात, तोच हा कमरेचे पिस्तूल काढतो आणि शंभर पावलांवरचे ते सांबर एका बारात लोळवतो. पाहुणे थक्क होतात, जहागीरदार मिशीवर ताव देतो आणि प्रकरण संपते. प्रसंग मला फार साधला आहे, अशी माझी समजूत होती. आमच्या शाळेतील एका मुलाने ती कादंबरी घरी नेली आणि आपल्या आजोबांना वाचून दाखवली. हे आजोबा मालडुंग्याच्या बाजूचे. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला त्यांचे घर. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी शिकाऱ्यांच्या मागे हाकेकरी म्हणून फिरले, पुढे जंगलखात्यात रोजंदारीवर राबले. सगळे त्यांना आबा म्हणतात. नातवाचा हात धरून ते एके दिवशी माझ्या दारी आले, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले,

“मास्तर, ते पिस्तूल किती बोअरचं होतं?”

“ते काही मी लिहिलं नाही, आबा.”

“मग सांबर मेलं कशानं?”

मी हसलो. आबा हसले नाहीत. “तुमचा जहागीरदार घरी गेला, जेवला, झोपला. सांबर रातभर रानात तंगडी ओढत फिरलं असंल. त्याचं पुढं काय झालं, ते कुठं लिवलंय?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माणसाला आपल्याच पुस्तकातील एका हत्याराचा इतिहास ठाऊक नसावा, याची लाज वाटली आणि मी वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो. हरणाच्या शिकारीला कोणत्या मापाचे हत्यार योग्य, आणि ते पिस्तूल असू शकते काय, एवढाच मूळ प्रश्न. पण त्याचे उत्तर कोणी दिले, केव्हा दिले आणि कोणाच्या सोयीसाठी दिले, हे पाहू गेल्यास दोनशे वर्षांचा इतिहास उलगडतो.

प्रथम हे ‘बोअर’ म्हणजे काय ते पाहू. दिवाळीच्या लाडवांची परात पुढे असताना हे गणित अगदी सोपे आहे. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिसे घ्यावे. त्याच्या सारख्या वजनाच्या १२ गोळ्या वळाव्या. त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती १२ बोअरची नळी. गोळीचे वजन सुमारे ३८ ग्रॅम आणि नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. तेवढ्याच शिशाच्या १६ गोळ्या वळल्या तर लाडू जसा लहान होतो तशी गोळीही लहान होते, आणि नळी बारीक. म्हणजे येथे आकडा वाढला की हत्यार लहान होते. पुढे नळीच्या आत पेचदार आटे पाडलेल्या रायफली आल्या आणि माप इंचात मोजू लागले. .३०३ म्हणजे इंचाचे हजार भाग केल्यास त्यांतले ३०३ भाग. येथे आकडा वाढला की गोळी जाड होते. या दोन उलटसुलट मोजण्यांनी माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाची प्रथम तारांबळच उडाली.

त्यातून पुन्हा नुसत्या जाडीवरून जोर कळत नाही. गोळीचे वजन किती आणि ती किती वेगाने जाते, या दोहोंवर तिचा जोर ठरतो. तो मोजण्याची इंग्रजी रीत ‘फूट-पौंड’ ही आहे. एक पौंड वजन एक फूट उचलायला जेवढा जोर लागतो, तेवढा एक फूट-पौंड. हा हिशेब ध्यानात असू द्यावा. पुढे जहागीरदाराच्या पिस्तुलाची झडती घ्यायची आहे.

आपल्याकडे हरणाची शिकार फार जुनी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचाही विस्ताराने विचार केला आहे. कोल्हापूर संस्थानात तर चित्त्याकडून काळवीट धरण्याची रीत विसाव्या शतकापर्यंत टिकली. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. चित्त्याला बोअर नसतो. तो धावतो, धरतो, आणि जे व्हायचे ते शिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर होते. सावज जखमी होऊन दृष्टीआड गेले, हा प्रकार त्यात क्वचित.

हत्यार दुरून चालवायचे ठरले, की मात्र चूक होण्याला वाव निर्माण झाला. आपल्या कथाकारांना हे पुरते ठाऊक होते. दशरथाने पाण्याचा बुडबुडाट ऐकून अंधारात बाण सोडला आणि श्रावणाला मारले. महाशिवरात्रीच्या कथेतील व्याध बेलाच्या झाडावर रात्रभर बसतो, हरिणी त्याच्याजवळ पाडसांना भेटून येण्याची मुदत मागते, आणि शेवटी व्याधच बाण खाली ठेवतो. माझ्या आजीने ही कथा मला सांगितली तेव्हा मी विचारले होते की, मग तो जेवला काय? आजीने उत्तर दिले नाही. आबांना भेटेपर्यंत मला वाटे की या केवळ पुण्याच्या गोष्टी आहेत. आता वाटते की, त्यांच्या तळाशी कोणा खऱ्या शिकाऱ्यांचा अनुभव असला पाहिजे.

आता आपल्या भागातील खेड्याकडे येऊ. कोकणातील शेतकऱ्याचे हत्यार म्हणजे आधी तोड्याची आणि मागाहून ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी दडपायची, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा चिंधी, आणि लोखंडी गजाने सारे ठासायचे. मागे केप बसवायची आणि घोडा पाडायचा. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे छर्रे भरले तर तीस-चाळीस पावलांपलीकडे भरवसा नाही. येथे माप कोण निवडणार? गावच्या लोहाराने जी नळी दिली तिचे जे असेल ते माप. शेतकऱ्याच्या हाती एवढेच उरे की त्या नळीत आज काय भरावे. पाखरासाठी बारीक छर्रे, डुकरासाठी जाड गोळी. ही निवड दिसायला लहान, पण तिच्यावर काय अवलंबून असते ते पुढे येईलच.

तीही बंदूक सुखाने मिळत नव्हती. १८५७ च्या उठावानंतर सरकारने लोकांच्या हातातील हत्यारे काढून घेण्याचे धोरण धरले आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना हवा, गोऱ्या साहेबाला नको, असा तो न्याय. माथेरानच्या रानात साहेब रायफल घेऊन हिंडे आणि खालच्या शेतातील कुणबी रानडुकरांना पत्र्याचा डबा वाजवून हाकली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात हे दुखणे स्पष्ट मांडले आहे. शेतकऱ्याला निदान गावठी तोड्याची तरी बंदूक बाळगू द्या. ते होत नसेल तर रखवालीचे काम पोलिसांकडे द्या आणि जनावरांनी केलेली नुकसानी त्यांच्याकडून भरून घ्या, अशा आशयाची त्यांची मागणी होती. पुस्तकातल्या शिकारी पुष्कळांनी वर्णिल्या. शेताच्या बांधावर रात्र जागवणाऱ्या माणसाची बाजू इतक्या रोखठोकपणे मांडणारे थोडे.

ज्यांना परवाने होते त्यांनाही माप निवडण्याची मोकळीक नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० मापाच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास बंदी केली. कारण हरणाचेही नव्हते आणि वाघाचेही नव्हते. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी त्याच मापाची. काडतुसे बंडखोरांच्या हाती गेली तर ती चोरलेल्या फौजी रायफलींत चालतील, ही भीती. विलायतेतील कारखानदारांनी मग .४६५, .४७० अशी नवीनच मापे काढली. .३०३ हे तर फौजेचे चालू माप, तेही सामान्याला वर्ज्य. त्याच कारणाने आपल्याकडे .३१५ ही रायफल रूढ झाली आणि बंगालमधील इछापूरच्या सरकारी कारखान्यात ती तयार होऊ लागली. कित्येक शिकारी ‘.३१५ हेच हरणाचे खरे माप’ असे छातीठोकपणे सांगत. वस्तुतः ते माप हरणाने निवडले नव्हते, शिकाऱ्यानेही नव्हते. सरकारच्या भीतीने ते निवडले होते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा झाला. त्यात संरक्षण वा खेळ यांसाठी द्यावयाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी निदान २० इंच लांब असावी, असे म्हटले आहे, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. पिस्तुलाचा तेथे मागमूस नाही. .३८, .४५५, ९ मिलिमीटर ही फौजेची व पोलिसांची मापे साध्या नागरिकाला बंद. त्याच्या वाट्याला प्रामुख्याने आले ते .३२ मापाचे रिव्हॉल्व्हर, आणि तेही जिवाच्या रक्षणासाठी. तेव्हा पिस्तुलाने हरीण मारण्याची परंपरा आपल्याकडे जन्मली नाही.

मग आमच्या जहागीरदाराने पिस्तूल काढले ते कोठून? शोध घेता एक पिस्तूल मात्र सापडले, ज्याचे नावच मुळी आपल्या भाषेतले आहे. हत्तीवरील हौदा आपणांस ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात विलायती कारागीर ‘हौदा पिस्तूल’ नावाचे दोन नळ्यांचे, क्वचित चार नळ्यांचेही, दांडगे पिस्तूल बनवीत. वाघाच्या शिकारीत जखमी वाघ हत्तीवर झेप घेऊन हौद्याशी पोहोचला, लांब बंदूक फिरवायला जागा राहिली नाही, म्हणजे हे काढायचे आणि हातभर अंतरावरून झाडायचे. त्याच्या नळीचे माप .५७७ पर्यंतही असे. पण हे शिकारीचे हत्यार नव्हे. शिकार बिघडल्यानंतर जीव वाचवण्याचे हत्यार. शंभर पावलांवरील सांबरावर ते रोखणारा माणस एक तर पोरकट असला पाहिजे, नाही तर कादंबरीतला.

पिस्तुलाने हरीण मारण्याची खरी हौस अमेरिकेतली. तेथे १९३५ साली .३५७ मॅग्नम हे काडतूस निघाले. एल्मर कीथ नावाचा एक गुराखी-शिकारी आणखी जोरदार काडतुसाचा ध्यास घेऊन कित्येक वर्षे स्वतः प्रयोग करीत होता. त्याच्या खटपटीतून १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम बाजारात आले. आता मघाचा हिशेब काढू. नळीच्या तोंडाशी आपल्याकडील .३२ रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा जोर सुमारे सव्वाशे फूट-पौंड. जुन्या फौजी .४५५ वेब्लीचा तीनशेच्या आत. .३५७ मॅग्नमचा साडेपाचशेच्या घरात, .४४ मॅग्नमचा हजाराच्या आसपास. आणि .३०३ रायफलीचा दोन हजारांच्या बराच वर. अमेरिकेतील जाणते शिकारी म्हणतात की, हरणासाठी .३५७ ही अगदी खालची पायरी, .४४ पुरेसे, तेही पन्नास-साठ पावलांच्या आत, आणि हात पक्का असेल तरच. पिस्तुलाची नळी वीतभर, ती खांद्याला टेकत नाही, श्वासाबरोबर तिचे टोक हलते, आणि नळीच्या टोकाशी केसभर चुकलेला नेम शंभर पावलांवर हातभर चुकतो. इंग्लंडने तर हे हौसेवर सोडलेच नाही. तेथील १९९१ च्या हरणांविषयीच्या कायद्याने रायफलीचे माप साधारणतः निदान .२४० इंच आणि जोर निदान १,७०० फूट-पौंड असला पाहिजे, असे बांधून दिले आहे. त्या काट्यावर .४४ मॅग्नमही उतरत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘हरीण’ हा आपला शब्द फार सैल आहे. आपल्या रानातील भेकर भरते वीस-पंचवीस किलो. चितळाचा नर सत्तर-ऐंशी. आणि सांबराचा मोठा नर अडीचशे-तीनशे किलोंपर्यंत जातो. अमेरिकेतील पिस्तूलवाले ज्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाविषयी बोलतात, ते आपल्या चितळाहून थोडेच मोठे. तेव्हा माझ्या जहागीरदाराच्या कमरेला त्या काळातले उत्तम वेब्ली जरी लटकवले, तरी शंभर पावलांवरून त्या गोळीने सांबर जागच्या जागी पडण्याचा संभव नगण्य होता. ते कातडे फोडून, मांसात शिसे घेऊन पळाले असते. आबांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

गोळीच्या आकाराविषयी वाचताना एका गोष्टीने मी फार वेळ थबकलो. कलकत्त्याजवळ दमदम येथे सरकारी दारूगोळ्याचा कारखाना होता. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत फौजेची तक्रार आली की, .३०३ ची नवी कवचधारी गोळी माणसाच्या आरपार जाते पण तो थांबत नाही. तेव्हा दमदमच्या कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाकडचे कवच काढलेली गोळी तयार केली. ती अंगात शिरताच पसरते आणि मोठी जखम करते. हीच ती कुप्रसिद्ध ‘दमदम’ गोळी. १८९९ साली हेग येथे जमलेल्या राष्ट्रांनी असल्या पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असे ठरवले, कारण त्या क्रूर. आणि इंग्लंडचा हरणांचा कायदा काय म्हणतो? हरणावर पसरणारीच गोळी झाडली पाहिजे, कारण आरपार जाणारी गोळी क्रूर! माणसाच्या बाबतीत जे निर्दय ठरले, तेच हरणाच्या बाबतीत दयेचे ठरले. प्रथम मला हा ढोंगीपणा वाटला. मग ध्यानात आले की दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: नंतर काय होते? जखमी सैनिकाला उचलून नेणारे कोणी असते. जखमी हरणाला कोणी नसते. त्याला तत्काळ मरण, एवढीच काय ती शुश्रूषा.

नुसते मोठे माप घेऊन हा प्रश्न सुटत नाही, हेही जाणत्यांनी सांगून ठेवले आहे. जिम कॉर्बेट यांनी नरभक्षक चंपावतची वाघीण १९०७ साली मारली, तेव्हा त्यांना बक्षीस म्हणून .२७५ ची रिग्बी रायफल मिळाली. तुलनेने बारीक माप. पण त्या रायफलीने त्यांनी पुढे पुष्कळ काम केले. त्यांच्या लेखनात जखमी जनावराच्या मागावर जाण्याचे प्रसंग वारंवार येतात. गोळी झाडली म्हणजे काम संपले असे त्यांना कधी वाटलेले दिसत नाही.

हे सारे टिपून घेऊन मी यंदा खंडेनवमीला आबांकडे गेलो. पेंधरला मेट्रो येऊन पोचली, तळोज्याला कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या, आमच्या नावड्याभोवती इमारतींचे रान माजले. पण मालडुंग्याकडे वळल्यावर अजून भाताचा वास येतो. आबांच्या ओटीवर शस्त्रपूजा मांडली होती. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि त्यांच्या शेजारी झेंडूचे फूल वाहिलेला एक लांब लोखंडी गज. बंदूक नव्हती. वडील वारल्यावर आबांनी परवाना पुढे चालवला नाही. बंदूक सरकारजमा केली. गज तेवढा राहिला.

मी माझी टिपणे वाचून दाखवली. फूट-पौंडांवर आबांनी मान डोलावली नाही. म्हणाले, “हे सगळं बरोबर असंल, मास्तर. पण मला ते एका रातीत कळलं.” आणि त्यांनी जी हकीकत सांगितली ती ही.

१९६० च्या सुमाराची गोष्ट. आबा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे. पिकाच्या राखणीसाठी वडिलांना ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. एका रात्री वडील झोपल्याचे पाहून आबांनी बंदूक उचलली आणि ओढ्यावर जाऊन बसले. नळीत वडिलांनी संध्याकाळी भरलेला बार होता, पाखरांसाठीचे बारीक छर्रे. आबांना ते माहीत होते. पण चांदण्यात एक भेकर पाण्याला आले, आणि सतरा वर्षांचे बोट घोड्यावरून मागे येईना. बार झाला. भेकर कोलमडले, उठले आणि झाडोऱ्यात शिरले. मग ते ओरडू लागले. भेकराचे ओरडणे कुत्र्याच्या भुंकण्यासारखे असते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. ते रात्रभर चालले होते. प्रत्येक वेळी थोडे दुरून, थोडे बारीक.

बाराच्या आवाजाने वडील जागे झालेच होते. त्यांनी मारले नाही, शिवी दिली नाही. कंदील पेटवला आणि म्हणाले, “चल, शोध.” दोन दिवस बापलेक त्या रानात हिंडले. शेतात कापणी तशीच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी एका घळीवर कावळे घिरट्या घालताना दिसले. भेकर मादी होती. वडिलांनी कुदळ आणवली, तिला पुरले. त्या घरात मांस वर्ज्य नसताना पुरले. घरी येताना ते एकच वाक्य बोलले: “पाखराचा बार भेकराला घातलास.” पुढे वडिलांनी डुकरासाठी बंदूक चालवली, पण आबांनी तिला पुन्हा हात लावला नाही. हाकेकरी म्हणून शिकाऱ्यांबरोबर गेले ते पोटासाठी. आणि जेव्हा जेव्हा साहेबलोकांचे एखादे जनावर जखमी होऊन जाई, तेव्हा मागावर जायला सर्वांत आधी आबा उठत.

मी विचारले, “आबा, मग योग्य माप कोणतं?”

“जनावर बघायचं आधी, मग नळी. आपण उलटं करतो. हातात जे आहे ते घेऊन जनावर शोधाय निघतो.”

ग्रंथांच्या वाचनातून जे मला चार महिन्यांत सापडले, ते एवढेच होते. लोहाराने जे दिले ते, सरकारने जे सोडले ते, कारखानदाराने जे विकले ते माप शिकाऱ्याने घेतले, आणि मग हरीण त्या मापात बसवले. हरणाकडून मोजायला सुरुवात झाली ती फार उशिरा.

आपल्याकडे ती कशी झाली हे सांगून हा लेख पुरा करतो. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला आणि शिकारीला परवान्याची शिस्त लावली. १९५२ साली देशातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. १९७२ साली साऱ्या देशासाठी वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवानेच उरले नाहीत. आज कोणी विचारले की हरणासाठी कोणत्या मापाचे पिस्तूल घ्यावे, तर या देशात त्याचे उत्तर, कोणतेही नाही. काळवीट असो, सांबर असो की भेकर असो.

गंमत अशी की, ज्या रानांत बार वाजले तीच रानेच पुष्कळदा वाचली. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीचे दाजीपूरचे जंगल १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले. आमच्याच रायगड जिल्ह्यात मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांनी शिकारीसाठी राखलेले फणसाडचे रान १९८६ साली अभयारण्य झाले. पनवेलपासून जवळच असलेले कर्नाळा १९६८ साली पक्ष्यांसाठी राखले गेले, तेव्हा ते अवघे ४.४८ चौरस किलोमीटर होते. पुढे ते १२.११ झाले. सलीम अली यांची गोष्ट तर शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्याखाली पिवळा ठिपका दिसला, ती कोणती म्हणून विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि त्या एका प्रश्नातून थोर पक्षिशास्त्रज्ञ घडला. बंदुकीची सर्वांत लहान नळी, आणि तिने मारलेले सर्वांत लहान सावज. पण मारल्यानंतर खाली वाकून पाहणारा मुलगा भेटला.

दाजीपूर वा फणसाड वाचले म्हणून बांधावरचा शेतकरी सुखी झाला असे मात्र नाही. रानडुकरे आजही कोकणातले पीक लोळवतात आणि फुल्यांनी विचारलेला प्रश्न पुरता मिटलेला नाही. हरणाची बाजू घेताना त्या माणसाला विसरून चालणार नाही. आबा दोन्ही बाजूंचे आहेत. म्हणूनच त्यांच्या पूजेत नांगराच्या फाळाशेजारी तो गज असतो.

राहता राहिले माझे सांबर. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघेल असा प्रकाशकांचा रंग दिसत नाही. तरी मी माझ्या प्रतीत ते पान खोडले आणि मार्जिनमध्ये नवे लिहिले. जहागीरदार पिस्तुलाला हात घालतो, अंतर पाहतो, आणि हात तसाच खाली घेतो. पाहुणे कुजबुजतात. त्याला ते ऐकू येते, पण तो काही बोलत नाही. नातवाने ते पान आबांना वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावले, थोडा वेळ गप्प बसले, आणि निरोप पाठवला:

“मास्तरांना सांग, आता बरं आहे. पण सांबर पाण्यावर आलं होतं. ते पाणी पिऊन गेलं का, तेवढं लिवा.”

तेवढे मी लिहिले आहे.